पैसे आधी परत करणारा माणूस

माझे सासरे वेताच्या खुर्च्या विणतात. बैठक फाटलेल्या जुन्या खुर्च्या कुठून कुठून गोळा करायच्या, लाकूड घासूनपुसून घ्यायचं आणि नव्या वेताची जाळी विणायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. घराच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली आहे. तिथे पाण्याची एक लांबट टाकी, भिंतीला टेकवलेले वेताचे भारे आणि जमिनीवर इतका कचरा असतो की झाडू घेऊन आत जायची माझी छाती होत नाही. गल्लीत त्यांना ‘खुर्चीवाले’ म्हणतात. स्वतः मात्र ते बुटक्या स्टुलावर बसतात. खुर्चीत बसलं की झोप येते म्हणे.

ते बोलायला मऊ आणि वागायला हट्टी. मी बरोबर उलटी. माझं डोकं पटकन तापतं आणि तितक्याच पटकन थंड होतं. सासऱ्यांचं डोकं तापत नाही, पण एकदा त्यात काही बसलं की ते हलवायला क्रेन आणावी लागेल.

त्यांच्या डोक्यात बसलेली सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे तक्रारीची पद्धत. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आधी त्याचे पैसे त्याच्या हातात ठेवायचे, मग तक्रार ऐकायची. पैसे अडकलेले असले की माणूस खरं बोलत नाही, ना घेणारा, ना देणारा, असं त्यांचं म्हणणं. एकदा कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आल्या, खुर्ची डुगडुगते म्हणाल्या. यांनी डबा उघडून पैसे दिले, मग त्यांच्या घरी जाऊन पाहिलं तर फरशीच एका बाजूने खचलेली. बाई ओशाळल्या आणि पैसे परत देऊन गेल्या. या पद्धतीत आपले पैसे कधी बुडाले नाहीत, असं सासरे सांगतात. सासूबाई सांगतात, दोनदा बुडाले आणि दोन्ही वेळा मी मोजत होते.

गल्लीतली गिऱ्हाइकं आटली तेव्हा खुर्च्या ऑनलाइन विकायची टूम मी काढली. नवरा ट्रकवर, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर, त्यामुळे फोटो काढणं, माहिती लिहिणं, खोक्यात भरणं, कुरियरवाल्याच्या हवाली करणं सगळं माझ्याकडे आलं. चांगलं चाललं. लांबलांबच्या गावांतून खुर्च्यांना मागणी यायला लागली आणि सासरे पहाटे उठून वेत भिजत घालायला लागले.

पैशाचा हिशेब मात्र त्यांना शेवटपर्यंत पचला नाही. गिऱ्हाईक पैसे भरतं ते आपल्याला मिळत नाहीत, साइटकडे राहतात. खुर्ची पोचली आणि ठरलेल्या दिवसांत गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, तरच ते आपल्या खात्यात येतात. तक्रार केली तर पैसे आहेत तिथेच थांबतात, दोघांनी आपापली बाजू तक्रारीच्या पानावर लिहायची, फोटो जोडायचे आणि साइटवाले निकाल देणार. मी हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते वेताची पट्टी दातात धरून ऐकत होते. पट्टी काढून म्हणाले, “म्हणजे खुर्ची माझ्याकडून गेली, पैसे गिऱ्हाइकाकडून गेले, आणि दोघांचं धरून बसलाय तिसराच.”

“त्यानेच तर भरवसा राहतो, बाबा.”

“त्याच्यावर राहतो,” ते म्हणाले. “आमच्या दोघांत कुठे राहिला?”

मी दुर्लक्ष केलं. मला तेव्हा दुसरी कामं होती.

मग ती हातांची खुर्ची गेली. रुंद पाठीची, जड, देखणी. मागणी आली तेव्हा ती विणून पुरी व्हायची होती. सासऱ्यांनी संध्याकाळपर्यंत बैठक पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियरवाला दारात. वेत भिजवून विणतात, त्यामुळे ताजी बैठक सैल असते, वाळली की आपोआप ताणते. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला ते खुर्ची देतानाच सांगायचे, “दोन दिवस बसू नका.” हे सगळ्या जगाला ठाऊक आहे अशी त्यांची समजूत. त्यात साइटचा नियम असा की माल प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला हवा. मी नियम पाळला, इतका मन लावून पाळला की आत हवा जायला जागा ठेवली नाही. ओली खुर्ची ओलीच पोचली.

तक्रार आली ती फोटोसकट. बैठकीला मधोमध झोळ पडला होता. खाली लिहिलं होतं, ‘फोटोत दाखवलेली ताठ बैठक आणि आलेली वस्तू यांचा काही संबंध नाही. पैसे परत हवेत.’ आणि कारणांच्या यादीतून त्या बाईंनी निवडलेलं कारण होतं, ‘दिशाभूल’. फोटो दुसऱ्या खुर्चीचा होता हे खरंच होतं. पण दिशाभूल हा शब्द वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. सासऱ्यांनी फोटो हातात धरून, लांब करून, जवळ करून पाहिला.

“ओली आहे,” ते म्हणाले. “बसली ती लगेच. सांगायला हवं होतं.”

“मी लिहिते त्यांना. दोन दिवसांची मुदत आहे उत्तराला.”

“लिही,” ते म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

विषय त्यांनी परस्पर पुढे नेला. मी बाजारात गेले असताना त्यांनी कुरियरच्या पावतीवरून बाईंचा नंबर काढला आणि फोन लावला. वेताच्या व्यापाऱ्याला ते नेहमी नंबरवरूनच पैसे पाठवतात, तेवढं त्यांना येतं. “बाई, मी खुर्चीवाला. तुमचे पैसे पाठवतोय,” एवढं म्हणाले. पलीकडून फोन कट झाला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा कट. मग त्यांनी त्याच नंबरवर खुर्चीची पूर्ण किंमत पाठवून दिली आणि निवांत चहा घेतला. मी आले तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाले, “पैसे दिले तिला. आता बोलता येईल.”

मी पिशवी तिथेच टाकली. कांदे घरभर पळाले.

“बाबा, तुमच्याकडून पैसे गेले, ते साइटला कळणार कसं? साइट तिचे पैसे तिला वेगळे परत करेल. म्हणजे तुम्ही दोनदा दिलेत.”

“मग ती एकदाचे परत करेल.”

“आणि नाही केले तर?”

“तर नाही,” ते म्हणाले, आणि वर मलाच समजावलं, “तू कांदे उचल आधी.”

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. संध्याकाळी साइटचा संदेश आला. ‘विक्रेत्याने खरेदीदाराशी बाहेरून संपर्क साधल्याची आणि व्यवहार साइटबाहेर नेल्याची तक्रार आहे. फसवणुकीच्या संशयावरून खातं चौकशी होईपर्यंत बंद करण्यात येत आहे. आरोप सिद्ध झाल्यास ते कायमचं बंद होईल.’ आमच्या सगळ्या खुर्च्या साइटवरून दिसेनाशा झाल्या. आधीच्या विकलेल्या खुर्च्यांचे पैसेही अडकले.

झालं असं होतं की त्या बाई घाबरल्या होत्या. अनोळखी माणूस फोन करतो, तुमचे पैसे पाठवतो म्हणतो, आणि खरंच पाठवतो. अशीच तर लोकांना टोपी घालतात. आधी थोडे पैसे टाकायचे, मग चुकून आले म्हणून परत मागायचे, मग एक लिंक पाठवायची, आणि माणसाने ती दाबली की त्याचं खातं साफ. आमच्या सासऱ्यांची आयुष्यभराची सचोटी चोरांच्या पद्धतीशी तंतोतंत जुळत होती. मला त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून सगळा राग मी भांड्यांवर काढला.

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग गाणं वाजलं, मग पुन्हा यंत्र. शेवटी एक खरीखुरी मुलगी आली, दमलेली पण सरळ बोलणारी.

“त्यांना फोन करू नका,” ती म्हणाली. “एकदाही नाही. पाठवलेले पैसे बाहेरून परत मागू नका. जे सांगायचं ते तक्रारीच्या पानावर लिहा, पैसे पाठवल्याचा पुरावा जोडा. तक्रार फक्त खरेदीदारच मागे घेऊ शकतात. आणि एकदा मागे घेतली की ती पुन्हा करता येत नाही, म्हणून आम्हीच त्यांना सांगतो की पूर्ण खात्री झाल्याशिवाय मागे घेऊ नका.”

“म्हणजे सगळं त्यांच्यावर?”

“निकाल लागेपर्यंत, हो.”

निकालाची तारीख आठवड्याच्या शेवटी होती.

मी लिहायला बसले. पहिला मजकूर एवढा खरमरीत झाला की सासूबाईंनी वाचून विचारलं, “हे माफीचं आहे की भांडणाचं?” तो पुसला. दुसरा इतका गुळमुळीत झाला की माझा मलाच संशय आला. शेवटी सासऱ्यांना हाक मारली. ते दारातच उभे राहिले.

“लिही,” म्हणाले. “बैठक ओली पाठवली ही चूक माझी. फोटो दुसऱ्या खुर्चीचा होता, तीही चूक. प्लास्टिक पुन्हा गुंडाळलं असेल तर काढा, खुर्ची सावलीत वाऱ्यावर ठेवा. वाळेपर्यंत बसू नका. वाळली की ताणेल. नाही ताणली तर खुर्ची मी परत नेईन. पैसे पाठवले ते तुमचेच आहेत, मी मागणार नाही.”

शेवटच्या वाक्याला माझं बोट थांबलं. “बाबा, हे नको. उद्या त्यांनी म्हटलं की यांनीच लिहून दिलंय, तर?”

सासूबाईही आतून म्हणाल्या, “अहो, तेवढं सोडा.”

“तेवढंच ठेव,” सासरे म्हणाले. “बाकी हवं तर काढ.”

क्रेन माझ्याकडे नव्हती. मी सगळं तसंच्या तसं लिहिलं, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जोडला आणि पाठवून दिलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. पानावर काही येत नव्हतं. मी भाजी चिरताना फोन पाहायची, कपडे वाळत घालताना पाहायची. नवऱ्याचा फोन आला की तोही आधी तेच विचारायचा आणि मी त्याच्यावरच खेकसायची. एवढं करून मी निदान कशावर तरी खेकसत होते. सासरे कशावरच काही बोलत नव्हते.

एका सकाळी मी मागच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. खोली झाडलेली होती. टाकी रिकामी करून पालथी घातलेली. वेताचे भारे दोरीने बांधून वरच्या फळीवर चढवलेले. सासरे खाली बसून सुऱ्यांना तेल लावत होते, एकेक पुसून जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळत होते.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“आवरतोय.”

“आवरताय, की बंद करताय?”

त्यांनी सुरी गुंडाळली आणि मग म्हणाले, “लबाड म्हटलं मला, पोरी.”

“संशय म्हटलंय, बाबा. चौकशी चालू आहे.”

“माझ्यावर संशय कुणी घेतला नव्हता अजून. पैसे बुडाले असतील, काम नावडलं असेल, पण हे नाही.” त्यांनी पुढची सुरी उचलली. “या वयात तो शब्द अंगावर घेऊन विणायला बसवत नाही. हात चालत नाहीत.”

मी भांडायला पक्की, पण समजूत घालणं मला जमत नाही. मी तशीच त्यांच्याजवळ त्या स्वच्छ फरशीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिथे कचरा हवासा वाटला. पैसे गेले तर नवऱ्याच्या दोन फेऱ्यांत भरून निघाले असते. पण हा माणूस उद्यापासून सकाळी उठून काय करणार, हे मला दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं. घरात सासूबाई नेहमी त्यांच्यावर डाफरत असतात, त्या दिवसांत त्याही हळू बोलायला लागल्या होत्या. त्याने तर मी जास्तच घाबरले.

निकालाच्या आदल्या दुपारी फोन वाजला. मी ओल्या हातांनीच उचलला. साइटचा संदेश होता. दोनदा वाचला तरी डोक्यात शिरेना, तेव्हा मोठ्याने वाचला. ‘खरेदीदाराने तक्रार मागे घेतली आहे. खात्यावरील निर्बंध उठवण्यात येत आहेत. यापुढे कोणताही परतावा साइटबाहेर केल्यास खातं कायमचं बंद करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या तिथे उडीच मारली आणि पाय घसरून कपाटाला धरून उभी राहिले. सासूबाई आल्या, काय झालं म्हणाल्या, मी त्यांना मिठी मारली. आमच्यात अशी पद्धत नाही, त्यामुळे दोघीही अवघडलो, पण सोडलं नाही. पाठोपाठ सासऱ्यांच्या फोनवर बँकेचा संदेश आला. बाईंनी त्यांनी पाठवलेली रक्कम जशीच्या तशी परत पाठवली होती.

मी धावत मागच्या खोलीत गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. खातं सुटलं, पैसे सुटले, पाठवलेलेही परत आले. सासरे खिडकीशी उभे होते. त्यांनी मान हलवली.

“ते कंपनीचं झालं,” म्हणाले. “बाई काय म्हणाली?”

“बाईंनी तक्रार मागे घेतली ना.”

“ते कळलं. म्हणाली काय?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी तक्रारीचं पान उघडलं. ते बंद झाल्यामुळे राखाडी दिसत होतं, पण सगळ्यात खाली एक मजकूर होता. मी वाचायला लागले.

‘तुमचा फोन आला तेव्हा मी एकटी होते आणि फार घाबरले. माझ्या बहिणीला गेल्या वर्षी अशाच फोनवरून लुबाडलं होतं. पैसे आले तेव्हा तर खात्रीच झाली. तुम्ही ते परत कधी मागता याची मी रोज वाट पाहत होते. तुम्ही मागितले नाहीत, उलट मागणार नाही असं लिहून दिलंत. लुबाडणारा माणूस असं लिहीत नाही. मग मी परत पाठवायला पुन्हा गुंडाळलेलं प्लास्टिक काढून खुर्ची सांगितली तशी सावलीत ठेवली आणि रोज बोटाने दाबून पाहत गेले. आज ती ताठ झाली आहे. तुमच्यावर खोटा आळ घेतला त्याबद्दल मला माफ करा. हे मी त्याच खुर्चीत बसून लिहिते आहे.’

सासरे खिडकीपासून माझ्याजवळ आले. म्हणाले, “शेवटचं पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“बसून लिहिलंय?”

“हो, बाबा. त्याच खुर्चीत बसून.”

ते माझ्या बाजूने निघून अंगण ओलांडून गेले, घाईघाईने, चपला न घालता. स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा आवाज इतका मोठा लागला की मला नवल वाटलं.

“अगं ऐकलंस का, बसली ती. आणि मला भूक लागलीये.”

“ऐकलं,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्या गल्लीने ऐकलं.”